भूक कोणाची?

माळकऱ्याला कोंबडीची चौकशी कशाला, असे कोणी म्हणेल. पण गोष्ट भुकेची आहे. अमेरिकेत व्हर्जिनियात पॉल सीगल यांनी १९५७ साली एकाच जातीच्या कोंबड्यांचे दोन वंश चालविले. आठ आठवड्यांच्या वयात वजनदार ती एकीकडे, हलकी ती दुसरीकडे. पिढ्यान् पिढ्या हीच निवड. पन्नासएक पिढ्यांनी वजनात आठपटींहून अधिक अंतर पडले. एका वंशाची पाखरे दाणा मोकळा ठेवला की खातच सुटतात, चरबीने फुगतात. दुसऱ्यातली काही पिल्ले, अहो, भरल्या दाण्यापुढे उपाशी मरतात! यामागे एकच जनुक नाही. थोडाथोडा जोर लावणारी पुष्कळ आहेत. मग त्या लठ्ठ कोंबडीला खादाड म्हणावे काय? मी तरी म्हणणार नाही. तिची भूक माणसाने निवडली. पंगतीत चौथ्यांदा भात मागणाऱ्याला मात्र मी हसलो होतो.