कथेतील वेड आणि घराची वाट

मराठीत ‘वेड’ हा शब्द कौतुकाचाही आहे आणि बहिष्काराचाही. एखाद्याला नाटकाचे वा गाण्याचे वेड असते तेव्हा तो शब्द प्रेमाने उच्चारला जातो. परंतु एखाद्याला ‘वेड लागले’ असे म्हटले की त्याच शब्दाने माणूस विश्वासातून उठतो आणि हळूहळू गणगोतातूनही. मनोविकाराविषयीची समाजाची समजूत वैद्यकाच्या ग्रंथांतून क्वचितच घडते, ती बहुधा चरित्रे, नाटके आणि चित्रपट यांतून घडते. म्हणून कथेतल्या वेड्याचे शेवटी काय होते, त्याला घर मिळते की नाही, हा साहित्यापुरता प्रश्न राहत नाही. विदर्भात या प्रश्नाचा माग सातशे वर्षे मागे घेता येतो.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात होऊन गेलेल्या गोविंदप्रभूंना महानुभाव पंथ परमेश्वराचा अवतार मानतो, आणि म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या चरित्रात त्यांच्या विक्षिप्त वाटणाऱ्या लीला मोकळेपणाने नोंदल्या आहेत. कोणाच्याही घरात शिरावे, हाताला येईल ते खावे, कारणाविना हसावे वा रागवावे, अशा वागण्याला तेथील काही लोक वेड म्हणत. तरीही त्याच गावाने त्यांना आईबापांच्या जागी मानले. या वागण्याला आज एखाद्या आजाराचे नाव देणे अप्रस्तुत ठरेल. महत्त्वाचे हे की, मराठी गद्याच्या प्रारंभीच्या या ग्रंथात विक्षिप्त ठरलेला माणूस गावाच्या मध्यभागी राहतो.

पुढे ही जागा बदलली. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले, 1858 मध्ये वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा वसाहती कायदा आला आणि 1864 मध्ये नागपुरात असे इस्पितळ उभे राहिले, जे आज प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणून ओळखले जाते. या व्यवस्थेने निराधारांना छप्पर आणि उपचार दिले, पण वेडाला भिंतीआडचा पत्ताही दिला. शासकीय पाटीवरचे नाव बदलले तरी नागपूरकरांच्या तोंडी ‘पागलखाना चौक’ टिकला, आणि ‘तुला तिकडेच पाठवायला हवे’ हा थट्टेचा प्रकार रूढ झाला.

रंगभूमीला मात्र भिंतीआडच्या माणसापेक्षा मनाच्या पडझडीचे नाट्य अधिक खुणावत होते. आगरकरांनी 1883 मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, तेव्हा वेड आणि वेडाचे सोंग यांतील सीमारेषा मराठी वाचकासमोर आली. वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ या 1957 च्या नाटकाने मनाचा तोल जाण्याची कारणे दैवात वा भूतबाधेत न शोधता माणसाच्या अंतर्मनात शोधली. जयवंत दळवींच्या 1977 च्या ‘बॅरिस्टर’मध्ये घराण्यातून उतरणाऱ्या वेडाची धास्ती केंद्रस्थानी आली, आणि लग्न जुळवताना दबक्या आवाजात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला रंगमंचावर रूप मिळाले. आनुवंशिकतेने काही मनोविकारांचा धोका वाढतो, पण आजार अटळ होत नाही, हे वैद्यक सांगते. शोकात्म नाटकाला मात्र अटळतेचीच ओढ असते. या कृतींनी वेदनेला प्रतिष्ठा दिली खरी, पण उपचार घेऊन सावरलेला माणूस त्यांच्या कक्षेबाहेरच राहिला.

हिंदी चित्रपटाने तर वेडाची दोनच ठरीव रूपे केली: हसवणारा वेडा आणि घाबरवणारा वेडा. विद्युतोपचार, ज्याला लोक ‘शॉक देणे’ म्हणतात, पडद्यावर शिक्षा म्हणून दिसत राहिला. प्रत्यक्षात तो तीव्र नैराश्यावरील प्रभावी उपचार असून, भूल व स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. अमेरिकी संज्ञापन-अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांनी मांडले की, एकच चित्र पुनःपुन्हा पाहिल्याने ते प्रेक्षकाच्या मनात रुजते आणि जगाविषयीचे ज्ञान म्हणून वावरू लागते. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 मध्ये ‘कलंक’ ही संकल्पना विशद केली. कलंक म्हणजे अशी खूण की, जिच्यापुढे माणसाची बाकी सारी ओळख पुसली जाते. कलंकाच्या भीतीने माणूस डॉक्टरकडे जाण्याचे टाळतो. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांत 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे आढळले. सेवांची टंचाई हे त्याचे मोठे कारण असले, तरी लाज हेही कारण आहेच.

या पार्श्वभूमीवर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या चित्रपटांचे मोल ध्यानात येते. ‘देवराई’ने (2004) स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम यांमुळे वास्तवाशी नाते तुटणारा आजार, रुग्णाच्या नजरेतून दाखवलाच, शिवाय त्याला सांभाळणाऱ्या बहिणीची दमछाकही दाखवली. ‘अस्तु’मध्ये स्मृती हरवलेल्या विद्वानाला माहुताच्या कुटुंबात माया मिळते, तर ‘कासव’मध्ये नैराश्याने ग्रासलेल्या तरुणाला एक अनोळखी स्त्री आसरा देते. तिन्ही कथांत आजारी माणसाला कोणीतरी आपल्या दारात घेते, आणि रिद्धपूरच्या गावाने जे भक्तिभावाने केले होते तेच येथे समजुतीने घडते.

राज्यातील मनोरुग्णालयांत बरे होऊनही घरचे न्यायला न आल्याने अडकून पडलेली माणसे आहेत. कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही अशा संस्थेत ठेवता येणार नाही, असे 2017 च्या कायद्याचे कलम 19 सांगते. कायद्याने परतीचा हक्क दिला. पण दार उघडणारा शेजार कायदा घडवू शकत नाही. तो घडवण्याचे सामर्थ्य कथेत आहे, म्हणून लिहिणाऱ्यांनी आपल्या कथेतील बरा झालेला माणूस घरी आणावा, आणि वाचणाऱ्यांनी त्याच्यासाठी आपले दार उघडे ठेवावे.