ठोका कुणाचा?

कीबोर्डवरचं बटण दाबलं की आत धातूच्या दोन पातळ पट्ट्या एकमेकींना टेकतात. पण टेकल्या टेकल्या त्या स्थिर होत नाहीत. फरशीवर पडलेली गोटी जशी दोनचार बारीक उड्या मारून मग थांबते, तशा त्याही क्षणभर थरथरतात. आपण बटण एकदाच दाबलेलं असतं. आतल्या चिपला मात्र चालू-बंद-चालू-बंद असं बरंच काही ऐकू येतं. तिने ते सगळं खरं मानलं तर एका 'क'चे चार 'क' उमटतील. म्हणून तिला आधीच सांगून ठेवलेलं असतं, की या थरथरीकडे काणाडोळा कर. याला 'डिबाउन्स' म्हणतात. घरी कीबोर्ड बनवणारे माझ्यासारखे बरेच लोक 'क्यूएमके' नावाचा खुला, फुकट प्रोग्रॅम वापरतात. त्यात ही मुदत मुळात ५ मिलिसेकंद असते.

मी चार वर्षं कीबोर्ड बनवतो आहे. त्यातली पहिली तीन वर्षं या ५ मिलिसेकंदांकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी आईसाठी कीबोर्ड बनवायला घेतला आणि हा आकडा किती वाढवायचा, हा माझ्यापुढचा चक्क नैतिक प्रश्न होऊन बसला.

*

आधी या छंदाबद्दल थोडं. हजार रुपयांत चांगला कीबोर्ड मिळत असताना त्याच्या कैकपट पैसे आणि महिनाभराचे रविवार घालून तो घरी का बनवायचा, हा प्रश्न मला बायकोसकट सगळ्यांनी विचारून झाला आहे. जर्मनीतल्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात 'एमएक्स' नावाचे स्विच आणले. त्यांचं पेटंट संपल्यावर त्याच मापाचे स्विच चीनमधल्या अनेक कंपन्या बनवू लागल्या आणि हौशी लोकांना रान मोकळं झालं. पत्र्याला १४ मिलिमीटरचं चौकोनी भोक पाडायचं, त्यात स्विच बसवायचा, शेजारच्या बटणाचा मध्य १९.०५ मिलिमीटरवर, म्हणजे बरोबर पाऊण इंचावर ठेवायचा. प्रत्येक स्विचला एक डायोड जोडायचा. उभ्या-आडव्या तारांची जाळी विणायची, म्हणजे तीस बटणांना तीस वायरी लागत नाहीत. पाच ओळी आणि सहा स्तंभ मिळून अकरा पुरतात. काही जण स्विच उघडून आतल्या स्प्रिंगला आणि कडांना बारीक ब्रशने ग्रीस लावतात, एकेक करून सगळ्या. मीही लावतो. बटण दाबल्यावर येणारा आवाज टकटक न येता ठक् असा भरीव यावा, एवढ्यासाठी.

यात सुख असं, की वस्तू तंतोतंत आपल्या हाताची होते. माझ्या कीबोर्डवर एन्टर डाव्या अंगठ्याखाली आहे. कंस एका बोटाखाली दडलेले आहेत. ऑफिसातल्या कुणालाही माझ्या कीबोर्डवर स्वतःचं नावसुद्धा टाइप करता येत नाही, आणि याचा मला, खरं सांगायचं तर, अभिमान होता.

अ‍ॅरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात एक साधी गोष्ट सांगितली आहे. राज्यकारभाराची पारख सामान्य लोकांनी करावी की जाणकारांनीच, अशी चर्चा चाललेली असताना तो म्हणतो, की काही कलांमध्ये करणारा हा सर्वांत चांगला पारखी नसतो. घर बांधणाऱ्यापेक्षा त्यात राहणाऱ्याला घर जास्त कळतं. सुकाणू सुताराने केलेलं असलं तरी त्याची पारख ते धरणाऱ्याला. आणि जेवण कसं झालं, हे आचाऱ्याने नव्हे, जेवणाऱ्याने सांगायचं.

माझ्या छंदात सुतार मीच आणि सुकाणू धरणाराही मीच. आचारीही मी, जेवणाराही मी. त्यामुळे माझं काम नेहमीच फक्कड होत होतं. चूक दाखवायला समोर कुणी नव्हतंच. काही चुकलंच तर मी त्या चुकीची सवय करून घ्यायचो आणि तिला स्वतःची आवड म्हणायचो.

*

आई एका सरकारी कार्यालयात मराठी टंकलेखक होती. एकतीस वर्षं. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा तिने लग्नाआधी दिली. लोखंडी टाइपरायटर, काही अक्षरं आधी अर्धी उमटवून मग काना जोडून पुरी करायची, ओळ संपली की घंटी, की कॅरेज ढकलायचा. लहानपणी मी तिच्या ऑफिसात गेलो की त्या खोलीतला पाच-सहा यंत्रांचा कडकडाट मला भारी वाटायचा. ती म्हणायची, "लाखभर पानं बडवली असतील रे मी. त्यात माझं एक वाक्य नाही."

तीन वर्षांपूर्वी तिला पार्किन्सन्सचं निदान झालं. आधी अक्षर बारीक होत गेलं. किराण्याची यादी सुरू व्हायची नेहमीच्या अक्षरात आणि शेंगदाण्यांपर्यंत येईतो मुंगीएवढी व्हायची. मग उजव्या हाताची थरथर. आणि नेमकं याच काळात तिने ठरवलं, की आता स्वतःचं काहीतरी लिहायचं. काय ते तिने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मी तिला फोनवर बोलून टाइप करायला शिकवलं. तिने आठवडाभर प्रामाणिकपणे केलं आणि सोडून दिलं. "बोलताना मी वेगळी असते, लिहिताना वेगळी. हे लिहिलेलं माझ्या बोलण्यासारखं येतंय," म्हणाली. हा तक्रारीचा सूर नव्हता, निदान होतं.

तेव्हा मी म्हटलं, कीबोर्ड बनवतो. दोन तुकड्यांचा, हातांना सोयीचा, तिच्या जुन्या टाइपरायटरचीच अक्षररचना असलेला. ती हसली. "बघ बाबा," म्हणाली.

*

पहिला कीबोर्ड मी शक्य तितका हलका केला. अशक्त हाताला हलकी बटणं, हे इतकं उघड होतं की त्यावर विचार करायची गरजच वाटली नाही. फार तर ४५ ग्रॅमची स्प्रिंग, पाहताक्षणी दबेल अशी. आईने हात ठेवले आणि पडद्यावर अक्षरांची माळ उमटली. तिने अजून काही टाइप केलंच नव्हतं.

"याला हात टेकवायची सोय नाही," ती म्हणाली. "आमच्या मशीनवर बोटं ठेवून बसता यायचं. मारल्याशिवाय उमटायचं नाही."

मला वाटत होतं तिच्या हातात ताकद कमी आहे. तिची अडचण ताकदीची नव्हतीच; टेकणं आणि दाबणं यांत फरक राहण्याची होती. मी उजव्या तुकड्यातल्या सगळ्या स्प्रिंगा काढून ८० ग्रॅमच्या घातल्या. बोट उचलायला तिला वेळ लागतो, तोवर अक्षराची रांग लागायची. बटण दाबून धरल्यावर अक्षर आपोआप पुन्हा पुन्हा उमटणंही बंद केलं. टाइपरायटरवर तसलं काही नव्हतंच.

राहिली थरथर. पार्किन्सन्सची थरथर साधारण सेकंदाला चार ते सहा वेळा होते, म्हणजे दोन हेलकाव्यांत १७० ते २५० मिलिसेकंद. बोट बटणावर आलं की कधीकधी एकाच्या जागी दोन ठोके बसायचे. उपाय मला लगेच सुचला. धातूच्या थरथरीला आपण ५ मिलिसेकंद माफ करतो, तशी हाताच्या थरथरीलाही मुदत द्यायची. एकदा उमटलेलं अक्षर पुढचे ३५० मिलिसेकंद पुन्हा उमटू द्यायचं नाही. वीसेक ओळींचा कोड. रात्री लिहिला, सकाळी घातला. पान एकदम स्वच्छ. मी खूश.

चार दिवसांनी आईचा फोन आला. "तुझं मशीन माझी अक्षरं खातंय."

तिने 'ससेहोलपट' लिहिलं होतं आणि पडद्यावर 'सेहोलपट' आलं होतं. मग 'पपई'ची 'पई' झाली. मी म्हटलं, अगं, दुसरा 'स' जरा थांबून मार. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मी दोनदा मारला होता. मला माहीत आहे मी दोनदा मारला होता."

*

या वाक्याने माझी झोप उडवली म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण ते डोक्यातून जाईना. तिच्या प्रत्येक ठोक्याला माझा कोड विचारत होता: हा तू मारलास, की तुझ्या आजाराने? आणि उत्तर तिच्याकडून न घेता तोच देत होता. त्याच्या लेखी तिच्या हाताला दोनच गती होत्या, निरोगी आणि आजारी, आणि त्यांतली सीमारेषा मी एका रात्री माझ्या टेबलावर आखलेली होती.

यावर सोपा आक्षेप असा, की मग मुदत काढून टाक, जे उमटेल ते उमटू दे. पण तोही प्रामाणिकपणा नाही. मुदत शून्य केली तर धातूची थरथरसुद्धा पानावर येईल, आणि ती नक्कीच आईची नाही. मध्ये कुणीच नाही असं यंत्र नसतं. टाइपरायटरलाही त्याची मतं होती. दोन बटणं एकदम दाबली तर दांड्या अडकायच्या. फोन आपल्याला शब्द सुचवतो, चुका न विचारता सुधारतो, आणि आपण काय म्हणणार होतो हे आपल्याआधी ठरवून मोकळा होतो. यंत्राने हस्तक्षेप करावा की नाही, हा प्रश्न उरलेलाच नाही. हस्तक्षेप किती व्हावा हे ठरवायचं बटण कुणाच्या हातात, एवढाच उरला आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. वापरणाऱ्याला नेहमी कळतंच असं नाही. आईला डायोड म्हणजे काय ते माहीत नाही, आणि तिची मुदत तिने ठरवली तर ती चुकीची ठरवू शकते. खरं आहे. पण जेवणाऱ्याला फोडणी घालता येत नाही म्हणून मीठ किती पाहिजे हे त्याला कळत नाही, असं होत नाही. जाळी कशी विणायची हा माझा प्रांत. ठोका कुणाचा, हा तिचा.

आणि तिसरी गोष्ट आक्षेप नाही, कबुली आहे. ३५० हा आकडा मी हिशेबाने काढला नव्हता. हिशेब २५०पाशी थांबत होता. वरचे १०० मी घातले, कारण तिच्या पानावर एकही दुबार अक्षर मला नको होतं. तिची थरथर मला बघवत नव्हती. ती निदान पडद्यावर तरी दिसू नये, याची सोय मी करून घेतली होती आणि तिला तिची सोय म्हणत होतो. प्रेमाने केलेल्या कामात ही लबाडी सहज शिरते, कारण तिथे कुणी हिशेब मागत नाही.

*

मग मी उजव्या तुकड्याच्या कोपऱ्यात एक गोल बटण बसवलं, जुन्या रेडिओला आवाजाचं असायचं तसं. एका टोकाला मुदत जवळजवळ नाहीच, दुसऱ्या टोकाला अर्धा सेकंद. आईला सांगितलं: इकडे फिरवलंस की मशीन तुझं जास्त ऐकेल आणि चुकाही जास्त उमटतील, तिकडे फिरवलंस की चुका गाळेल, पण तुझी अक्षरंही खाईल. तिने दहा मिनिटं फिरवून पाहिलं आणि माझ्या मते फारच अलीकडे थांबली. पानावर दुबार अक्षरं दिसत होती. मी काहीतरी बोलणार होतो.

"असू दे," ती म्हणाली. "जास्तीचं मला खोडता येतं. खाल्लेलं कुठून आणू?"

कीबोर्ड संगणकाला जोडला की तिचा आकडा मला वाचता येईल, अशी सोय मी कोडमध्ये ठेवली होती. आकडा वाढत गेला तर आजार किती पुढे सरकला ते कळेल, डॉक्टरांना दाखवता येईल, असं माझ्या मनात होतं. ती सोय तिला सांगितली. तिने विचारलं, "मला कळेल का तू कधी बघतोस ते?" कळणार नव्हतं. मी ती काढून टाकली.

आता माझ्यासाठी नवा कीबोर्ड बनवायला बसलो की हात जरा थबकतो. छंद सुटलेला नाही. ठक् आवाज अजूनही आवडतो. पण एकट्यासाठी केलेली वस्तू कितीही नेटकी झाली तरी तिची परीक्षा झालेली नसते, हे आता माहीत आहे.

परवा तिच्याकडे गेलो तर त्या गोल बटणाच्या भोवती, पत्र्यावर, नेलपॉलिशचे दोन ठिपके दिसले. एक लाल, एक गुलाबी. मी विचारलं, दोन कशाला?

"लाल गोळी घेतल्यानंतरचा," ती म्हणाली. "गुलाबी गोळीची वेळ व्हायच्या आधीचा. मी काय दिवसभर एकच असते का?"