छापील किंमत आणि उधारीची वही

विदर्भात आणि त्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्णा-सौंसरकडे जुनी माणसं राशनच्या दुकानाला अजून 'कंट्रोल' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धातल्या टंचाईने दिलेला हा शब्द. भाव सरकारनं बांधावा ही कल्पना मात्र फार जुनी. कौटिल्यानं व्यापाऱ्याला देशी मालावर शेकडा 5 आणि परदेशी मालावर 10 एवढाच नफा घेऊ दिला होता. स्वातंत्र्यानंतर 1955 मध्ये जीवनावश्यक वस्तूंचा कायदा आला. तरी 1972 मध्ये महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांसोबत मुंबईच्या बायांना लाटणी घेऊन रस्त्यावर यावं लागलं.

मग विचाराला वेगळं वळण लागलं: भाव बांधता येत नसेल, तर निदान तो उघड सांगायला लावावा. बंद पुडक्यांसाठीच्या 1977 च्या नियमांनी पुडक्यावर किंमत छापणं आवश्यक केलं. पण 'स्थानिक कर वेगळे' असंही छापता येई. त्या तीन शब्दांनी गिऱ्हाइकाचं फार नुकसान केलं, असं मला वाटतं. आमचं गाव दोन राज्यांच्या सीमेवरचं. इकडचा कर किती, पलीकडे महाराष्ट्रातल्या वरूडचा किती, हे मजुरी करून आलेल्या बाईनं कुठून जाणावं? 1990 मध्ये सगळे कर धरूनच कमाल किंमत छापण्याची सक्ती झाली, तेव्हा तिच्या हाती पहिल्यांदा भांडायला आधार आला.

पण कमाल किंमत म्हणजे छत. त्याच्याखाली भाव उतरायचा, तर शेजारी दुसरं दुकान हवं. मोठ्या शहरातला मॉल कंपनीकडून घाऊक सवलत घेतो आणि तिच्यातली काही गिऱ्हाइकाला देतो. ती मिळते महिन्याचा किराणा रोखीनं एकदम भरणाऱ्याला. हप्त्याच्या मजुरीवर घर चालवणारी बाई तेलाची लहान पिशवी घेते, शाम्पूची पुडी घेते, तीही वहीवर. तिच्यासाठी छत हाच भाव. दुकानदाराला मी दोष देत नाही. संत्र्याचा हंगाम बुडाला की त्याचीही वसुली अडकते, आणि त्या दिवसांत डाळ-तांदूळ देणारा तोच असतो. उधारीची किंमत मात्र कुठल्याच पुडक्यावर छापलेली नसते.

मुंबई ग्राहक पंचायतीनं 1975 पासून वेगळी वाट धरली. कुटुंबांनी एकत्र मागणी नोंदवायची, माल घाऊक आणायचा, आपसांत वाटून घ्यायचा. स्पर्धेची वाट न पाहता गिऱ्हाइकच मोठं झालं. आमच्याकडे बचत गट आहेत. त्यांनी दिवाळीच्या तेल-डाळीपुरतं तरी हे करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

दरम्यान कंपन्या किंमत तीच ठेवून पुडा हलका करू लागल्या. पुडक्यांच्या नियमांतल्या 2021 च्या दुरुस्तीनं त्यावर उपाय आणला: दर ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं, तेही छापायचं. ती ओळ पुडक्यावर असते, पण इतक्या बारीक अक्षरांत की मलाच ती माझ्या आईला वाचून दाखवावी लागते.