घरमालकांचे नाव

पाण्याच्या टाक्या, विहिरी आणि टँकर भरण्याच्या जागा यांच्याजवळ पाचांहून अधिक जणांनी जमू नये, असा हुकूम लातूरकरांनी २०१६ च्या मार्चमध्ये ऐकला. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी शहरात पोचली. त्या उन्हाळ्यात आम्हांला एका नाटकातला पाणीवाला वारंवार आठवत होता. अवर्षणात पाणी दुरून आणता आणता त्याचा जीव मेटाकुटीला येतो, आणि पाऊस पडला की गिऱ्हाईकच फिरकत नाही. हा भाविक माणूस देवांना पाणी देतो, आणि देव पाहतात तो पेल्याला खोटा तळ!

ब्रेख्टचे हे नाटक १९४३ साली झुरिचला प्रथम रंगभूमीवर आले. व्यंकटेश माडगूळकरांनी ते 'देवाजीने करुणा केली' या नावाने मराठीत आणले. माणदेशच्या कोरड्या मुलखातील लेखकाला ते जवळचे वाटले असेल, तर नवल नाही.

मूळ नाटकात तीन देव चांगल्या माणसाच्या शोधात निघतात. त्यांना रात्रीचा आसरा देते ती शेन ते, एक वेश्या. देवांनी दिलेल्या पैशांतून ती तंबाखूचे लहानसे दुकान घेते आणि दुसऱ्याच दिवशी आठ माणसांचे कुटुंब तिथे पथारी पसरते. तिला नाही म्हणता येत नाही. मग ती पुरुषाचा वेष घेऊन शुई ता नावाचा चुलतभाऊ होते. सुतार फळ्यांचे शंभर चांदीचे डॉलर मागतो. हा चुलतभाऊ त्याच्या हातावर वीस टेकवतो. फळ्या या दुकानाच्या मापाच्या, दुसरीकडे नेऊन त्यांचे काय करणार? पुढे त्या सुताराचे दुकान जाते, आणि त्याचे पोर कचऱ्यात अन्न शोधताना शेन तेलाच दिसते. तोवर तिच्या पोटात मूल असते. आपल्या बाळासाठी वाघीण व्हायचे ती तेव्हाच ठरवते.

जगच असे आहे की चांगल्याला चांगले राहून जगता येत नाही, हा या नाटकाचा रूढ अर्थ. तो खोटा नाही. पण आम्हांला तो अपुरा वाटतो. स्वतःला आणि पोटच्या पोराला जपणे हे पाप नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनीही आपल्या व मुलांच्या जगण्याला लागणारे देऊन टाकू नये, असेच म्हटले आहे. आम्हांला खुपतो तो चुलतभाऊ. शेन ते हो म्हणते ती स्वतःच्या तोंडाने, आणि नाही म्हणते ती दुसऱ्याच्या.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला आहे, कारण आम्हीही तेच केले. त्याच मे महिन्यात लातूरची नात्यातली पाच माणसे आमच्या नांदेडच्या भाड्याच्या घरी राहायला आली. नांदेडला गोदावरी आहे खरी, पण उन्हाळ्यात गोदाकाठीही पाणी मोजूनच वापरावे लागते. पहिले आठ दिवस आम्ही आग्रहाने वाढले. नवव्या दिवशी जेवता जेवता म्हणालो, "आमचे काही नाही हो, पण घरमालक कुरकुर करतात." घरमालक चकार शब्द बोलले नव्हते. पाहुणे दोन दिवसांनी आमचे आभार मानून आणि घरमालकांना नावे ठेवून गेले. आमच्या चांगुलपणाला ओरखडाही उमटला नाही.

"पाणी पुरत नाही, आता काय करू या?" असे सरळ विचारले असते, तर कदाचित निम्मी माणसे राहिली असती, कदाचित सगळीच गेली असती आणि मनात अढी धरून गेली असती. त्या अढीचीच आम्हांला भीती होती. दहा कुमारींच्या दाखल्यातील पाच शहाण्या कुमारी आम्हांला एके काळी कठोर वाटत. तेल पुरणार नाही, हे त्यांनी निदान आपल्या तोंडाने, समोरासमोर सांगितले.

नाटकाच्या शेवटी शुई ताने शेन तेला मारले असा खटला उभा राहतो, आणि न्यायाधीश म्हणून तेच देव बसतात. ती मुखवटा उतरवते. देव हादरतात, पण तिच्या चांगुलपणावरचा विश्वास त्यांना सोडवत नाही, आणि ते निघण्याची घाई करतात. चुलतभावावाचून माझे कसे होईल, ती विचारते. आठवड्यातून एकदा तरी, अशी तिची विनवणी. महिन्यातून एकदा पुरे, देव म्हणतात, आणि गुलाबी ढगावर बसून वर जातात. खाली तक्रारदारांत तो सुतार उभा असतो. राहिलेले ऐंशी आता कोणाकडे मागायचे, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.