धाकट्यांचा गुरू

लुइस दे ला फुएन्ते हे अ‍ॅथलेटिक बिल्बाओ या फुटबॉल क्लबचे डावे बचावपटू होते. 1983 आणि 1984 मध्ये स्पॅनिश लीग जिंकणाऱ्या संघात ते होते. प्रशिक्षक झाल्यावर मात्र 2011 मध्ये अलावेस क्लबनं त्यांना काही महिन्यांतच घरी पाठवलं. ते खचले नाहीत. 2013 पासून स्पेनच्या युवा संघांतली पोरं घडवत राहिले. रोद्री, उनाई सिमोन, मिकेल मेरिनो यांच्यासह 2015 मध्ये त्यांनी 19 वर्षांखालील युरो करंडक जिंकला. हेच तिघे 2024 मध्ये त्यांच्याच प्रशिक्षणाखाली युरो जिंकणाऱ्या स्पेनच्या मुख्य संघात होते. बर्लिनमधल्या अंतिम सामन्यात इंग्लंडला 2-1 असं हरवलं, तेव्हा गुरुजी 63 वर्षांचे होते. पद लहान म्हणून कामाला लहान समजू नका. हाती आहे ते आज मन लावून करा.