वाटेतल्या माणसाचे ऋण

महामार्ग रुंद करताना मध्ये देऊळ आले की यंत्रणेचा हात आखडतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक रस्त्यांवर नवी अनधिकृत प्रार्थनास्थळे उभी राहू देऊ नयेत असे बजावले, आणि आधीपासून असलेल्यांबाबत राज्यांनी एकेक प्रकरण तपासून निर्णय घ्यावा असे सांगितले. त्यातून महाराष्ट्रात अशा स्थळांच्या याद्या झाल्या. कोणते नियमित करायचे, कोणते हलवायचे, कोणते पाडायचे अशी वर्गवारी झाली. हलवायचे ठरले तर त्याचा विधीही परंपरेत आहे. आधी देवाची अनुज्ञा मागायची, मूर्तीतले देवत्व मंत्रपूर्वक कलशात घ्यायचे, नव्या जागी पुन्हा प्रतिष्ठा करायची, आणि मधल्या काळात देवाला उघड्यावर ठेवायचे नाही. त्याच देवळाच्या भिंतीला लागून हारफुलांची आणि नारळांची टपरी असते, टपरीमागे पत्र्याची खोली असते, खोलीत चार माणसांचा संसार असतो. त्यांच्या वाट्याला अतिक्रमणाची नोटीस येते आणि मागोमाग जेसीबी. दगडाची मूर्ती हलवताना लागणारी अनुज्ञा जित्या माणसाला उठवताना लागते की नाही, हा प्रश्न मी धर्माचा समजतो. ती लागते, असे माझे म्हणणे आहे. रस्त्याच्या कामाआधी कोण उठणार, कोणाचे काय जाणार याची जी पाहणी व्हायला हवी, ती म्हणजे ही अनुज्ञा मागण्याची आपल्या काळातली रीत. ती टाळणे ही नुसती कार्यालयीन कसूर नाही, तो अधर्म आहे.

बीड जिल्ह्यात हा प्रश्न पोथीतला राहत नाही. बालाघाटाच्या रांगेने दुभागलेला हा जिल्हा रेल्वेसाठी पिढ्यान्‌पिढ्या ताटकळला, त्यामुळे इथला सगळा जीव रस्त्यावर. सोलापूर–धुळे हा राष्ट्रीय महामार्ग ५२ बीड आणि गेवराईवरून जातो, मांजरसुंब्याला त्याला केज–पाटोद्याचा मार्ग मिळतो, गढीला माजलगावकडचा फाटा फुटतो. पैठणहून निघणारी नाथांची पालखी शिरूर कासार आणि पाटोदा तालुक्यांतून पंढरीला जाते. त्या पालखी मार्गालाही आता राष्ट्रीय महामार्गाचा दर्जा आहे. यात भर नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाची. सुमारे ८०२ किलोमीटर लांबीचा, १२ जिल्ह्यांतून जाणारा हा रस्ता परळीचा वैजनाथ आणि अंबाजोगाईची योगेश्वरी यांनाही जोडणार, असे सांगितले गेले. २४ जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने त्याच्या आखणीसाठी आणि भूसंपादनासाठी २०,७८७ कोटी रुपयांना मंजुरी दिली, आणि कोल्हापूरपासून मराठवाड्यापर्यंत शेतकऱ्यांचा विरोध चालूच राहिला. देवीच्या नावाने होणारा रस्ता ज्याच्या शेतातून जातो त्याचीच त्याला ना असेल, तर त्या यात्रेच्या पुण्याचे काय, हे तरी विचारायलाच हवे.

धरणाचे विस्थापन आणि रस्त्याचे विस्थापन यांची जात वेगळी. जायकवाडी किंवा माजलगाव धरणात गाव पाण्याखाली गेले, तेव्हा ते सगळेच्या सगळे उठले. गावाला प्रकल्पग्रस्त म्हणून नाव मिळाले, पुनर्वसित गावठाण मागता आले, एकत्र बसून भांडता आले. रस्ता गाव घेत नाही, गावाची एक ओळ घेतो. कोणाची ओसरी जाते, कोणाची विहीर जाते, कोणाचे शेत रस्त्याच्या दोन्ही अंगांना विभागले जाते, तर कोणाचे छप्पर शाबूत राहते पण गावाबाहेरून वळणरस्ता निघाल्यामुळे गिऱ्हाईकच नाहीसे होते. मे महिन्यात महामार्गाकडेला उसाच्या रसाचे गुऱ्हाळ लावून वर्षाचा किराणा भरणाऱ्या बाईचे काय गेले, हे कोणत्या रकान्यात लिहायचे? तिची जमीन गेली नाही, घरही गेले नाही. गेला तो रस्त्याचा शेजार, ज्यावर तिचे पोट होते. ओळीतल्या प्रत्येकाचे नुकसान वेगळे असल्यामुळे त्यांचा मोर्चा निघत नाही. एकेकटे उठतात, एकेकटे जातात.

कायद्याला ही माणसे अगदीच ठाऊक नाहीत असे नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा बाधित कुटुंबांत शेतमजूर, कूळ, बटाईदार आणि कारागीर यांनाही धरतो. संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जागेवर त्यांची उपजीविका असली पाहिजे, एवढीच अट. त्याच कायद्याने ग्रामपंचायतीशी सल्लामसलत करून सामाजिक परिणामांचा अभ्यास करायला आणि जनसुनावणी घ्यायला सांगितले. पण राष्ट्रीय महामार्गांचा १९५६ चा कायदा या सगळ्यातून बाजूला ठेवला गेला. पुढे केंद्राच्या आदेशाने १ जानेवारी २०१५ पासून भरपाईची आणि पुनर्वसनाची परिशिष्टे महामार्गांना लागू झाली, मात्र परिणामांचा अभ्यास लागू झाला नाही. किंमत आत आली, विचारपूस बाहेर राहिली. आता ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला ग्रामीण भागात बाजारभावाच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो, आणि तो मिळालेले शेतकरी समाधानी असल्याचेही दिसते. ते खोटे मानायचे कारण नाही. पण शेतमजुराचे आणि बटाईदाराचे नाव यादीत यायला आधी कोणीतरी त्याच्या दाराशी जाऊन विचारायला हवे, आणि विचारायला जाण्याची सक्तीच उरलेली नाही. जागतिक बँकेच्या कर्जातून रस्ता झाला तर तिच्या नियमांप्रमाणे कागद नसलेल्यांचीही मोजदाद करून त्यांच्या गेलेल्या बांधकामाची आणि कमाईची दखल घ्यावी लागते. म्हणजे त्या रसवाल्या बाईला माणूस म्हणून मोजायचे की नाही, हे रस्त्याला पैसा कोणाचा लागला यावर ठरते. परक्या सावकाराने घातलेली अट आपण आपल्या लेकरांसाठी आपणहून पाळू नये, याची मला लाज वाटते.

आता बीडचे वर्ष पाहा. महामार्गासाठी जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत प्रसिद्ध होतो, आणि हरकत घ्यायला २१ दिवस मिळतात. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. कारखान्याच्या रानात कोपी उभी राहते, आणि पहाटे अंधारात फडात उतरलेली जोडी मोळ्या बांधून ट्रॅक्टर भरून देईपर्यंत दिवस मावळतो. मागे गावात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. या महिन्यांत प्रसिद्ध झालेली नोटीस कोण वाचणार? कायद्याचे २१ दिवस काटेकोर पाळले जातील, फाइलवर हरकत नाही असा शेरा पडेल, आणि तरीही कोणाला विचारलेले नसेल. गैरहजेरीला संमती समजणे ही फसवणूक आहे, मग ती कोणाच्याही मनात नसली तरी. वारकरी परंपरेने याच्या उलट वृत्ती जपली. मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि चोखामेळा इतर मजुरांबरोबर गाडला गेला. नामदेवांनी तिथे जाऊन ढिगाऱ्यातून त्याच्या अस्थी ओळखून काढल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी दिली, अशी श्रद्धा आहे. सार्वजनिक बांधकामाखाली सापडलेला एक मजूर कोण होता हे शोधायला संत ढिगारा उपसतो. परंपरेने ती भिंत बांधून घेणाऱ्याचे नाव ठेवले नाही, चोखोबांचे ठेवले.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप असा की थोड्यांच्या गैरसोयीपायी पुष्कळांचे हित अडवून धरणे हाच अधर्म. अडलेली बाळंतीण वेळेत अंबाजोगाईच्या रुग्णालयात पोहोचते ती रस्त्यामुळे, कापूस आणि ऊस बाजाराला जातो तोही रस्त्यामुळे. हे खरे आहे, आणि रस्ता नको असे म्हणणाऱ्याने बीडचा उन्हाळा आणि बीडचे अंतर पाहिलेले नाही. पण पुष्कळांचे पुष्कळ सुख या मापाने कृतीचा न्याय करता येतो का, हा वाद मराठीत लोकमान्यांनी १९१५ सालच्या ‘गीतारहस्या’त घातलाच आहे. तिथे त्यांनी अमेरिकेतल्या एका शहराचे उदाहरण दिले: ट्रामगाडी लोकांच्या सोयीची होती, मंजुरीला उशीर लागत होता, ट्रामच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळवली, आणि पुढे तो दोषी ठरला. ट्राम सगळ्यांच्या उपयोगी पडली म्हणून कृत्य शुद्ध होत नाही. कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, हा टिळकांचा निष्कर्ष. माझ्या मते तो अर्ध्या वाटेपर्यंतच नेतो. महामार्गाच्या अभियंत्याची बुद्धी शुद्ध असू शकते. त्याला ना लाच हवी असते, ना कोणाचे वाईट करायचे असते. त्याच्या नकाशावर मध्यरेषा असते, हद्द असते, खांब आणि झाडे मोजलेली असतात. गुऱ्हाळवाली बाई तिथे नसतेच. शुद्ध बुद्धीने, डोळे उघडे ठेवून, न पाहता अन्याय होतो. फळाची मोजणी पुरत नाही आणि हेतूची शुद्धीही पुरत नाही. त्या दोन्हींच्या आधी ज्याचे जाणार आहे त्याच्यासमोर जाऊन उभे राहणे लागते.

हे तत्त्व आणायला परदेशी जायला नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, १७१५–१६ च्या सुमारास, आरमाराच्या प्रकरणात लाकूडतोडीचा विषय येतो. राज्याला जहाजे हवीत, आंबा-फणसाचे लाकूड कामाचे आहे. राज्यहिताचे याहून पक्के कारण त्या काळी दाखवता आले नसते. तरीही रयतेच्या या झाडांना हात लावू देऊ नये, असे तिथे स्पष्ट आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती पोरांसारखी वाढवलेली असतात, आणि एकाला दुःख देऊन साधलेले कार्य करणाऱ्यासकट लयाला जाते, हे त्यामागचे कारण. झाड फार जुने, निरुपयोगी झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचे समाधान करून तोडावे. बळजोरी करू नये. इथे क्रम लक्षात घ्यावा: आधी राजी करणे, मग पैसे, मग समाधानाची खात्री. आपल्या भूसंपादनात मधली पायरी तेवढी शिल्लक आहे. आणि दुःख ‘एकाला’ दिले तरी पुरे. ग्रंथकाराने दुसऱ्या पारड्यात आरमारामुळे वाचणाऱ्या हजारोंना बसवून तोल पाहिला नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा असतो: ज्याची जागाच नाही त्याला कसले विचारायचे? उद्या सगळेच रस्त्यावर टपऱ्या टाकतील. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने पदपथावरून हटवण्याचा अधिकार मान्य केला. पण जगण्याच्या हक्कात उपजीविका येते आणि आधी बाजू ऐकून घ्यावी लागते, हेही त्याच निकालात सांगितले. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी, उत्तर प्रदेशातील महाराजगंजला रस्ता रुंदीकरणासाठी २०१९ साली पाडलेल्या घराच्या प्रकरणात, न्यायालयाने २५ लाखांची अंतरिम भरपाई देऊन सर्व राज्यांना क्रम घालून दिला: रस्त्याची मूळ रुंदी अभिलेखांवरून ठरवा, अतिक्रमण मोजा, नोटीस द्या, हरकतींवर कारणांसह निर्णय द्या, आणि जागा कमी पडत असेल तर रीतसर संपादन करा. म्हणजे कोण अतिक्रमक, हे मोजणीनंतर कळते. आपल्याकडे ते आधीच ठरलेले असते. पण मला याच्याही मागे जावेसे वाटते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याच्या भूमिहीन बायामाणसांनी सुकडी खाऊन, उन्हात बसून खडी फोडली आणि रस्त्यांवर माती टाकली. वडार आणि बेलदार तर पिढ्यान्‌पिढ्या दगडमातीचेच काम करत आले. गावठाणात ज्यांना जागा नव्हती, शेतात ज्यांचा बांध नव्हता, त्यांना टेकायला रस्त्याची कड तेवढी मोकळी होती. ज्यांच्या हातांनी रस्त्याचा पाया भरला त्यांच्याकडे सातबारा नाही म्हणून रस्त्यावर त्यांचा काहीच हक्क नाही, हे भूमी अभिलेख कार्यालयात खरे असेल. ऋण मानणाऱ्या समाजात ते खरे कसे ठरावे? देवऋण, पितृऋण, ऋषिऋण यांसोबत आपल्याकडे मनुष्यऋणही सांगितले आहे, आणि ते फेडायला खरेदीखत लागत नाही.

उरतो तिसरा आक्षेप: प्रत्येकाला विचारत बसलो तर प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार जाईल आणि रस्ता होणारच नाही. विचारणे म्हणजे हार मानणे नव्हे. शासनाचा संपादनाचा अधिकार राहतोच. फक्त नकार का मानला नाही याचे उत्तर त्या माणसाला, त्याच्या भाषेत, लेखी द्यावे लागते. आणि विचारले की पुष्कळदा आखणी बदलण्याजोगी निघते. जुलै २०२० मध्ये मिरज तालुक्यातल्या भोसे इथला यल्लम्मा मंदिराजवळचा सुमारे ४०० वर्षांचा वड रत्नागिरी–सोलापूर महामार्गात जाणार होता. लोक जमले, मंत्र्यांपर्यंत पत्रे गेली, आणि आखणी बदलून झाड वाचवले गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरले आणि अध्यक्षपदी वडाचे झाड बसवले गेले. दोन्ही गोष्टी मला मनापासून आवडतात. झाडासाठी महामार्ग वाकतो हे एकदा सिद्ध झाल्यावर, चार पत्र्यांच्या खोल्यांसाठी तो वाकू शकत नाही हे अभियांत्रिकीचे कारण म्हणून पुढे करता येणार नाही. तेव्हा बीडपुरते तरी एवढे ठरवता येईल: रुंदीकरणाची किंवा संपादनाची कोणतीही नोटीस कारखान्यांचा हंगाम चालू असताना काढू नये; तोड संपवून माणसे परतल्यावर ग्रामसभेत सुनावणी व्हावी; मालक, कूळ, मजूर, टपरीवाला अशी संपूर्ण यादी तिथे मोठ्याने वाचली जावी, आणि ज्याचे नाव राहिले त्याला उठून ते सांगता यावे.