रक्तातला विळा

कळवण तालुक्यासारख्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आजार अपरिचित नाही. मूल फिकट पडते, हातापायांच्या दुखण्याने कळवळते आणि घरात हलक्या आवाजात प्रश्न निघतो: हा दोष आला कुणाकडून? बोट बहुधा सुनेकडे वळते.

रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिन. त्याची रचना शास्त्रज्ञ चार पातळ्यांवर पाहतात. अमिनो आम्लांचा क्रम ही पहिली. जणू माळेतील मणी. माळेला जागोजागी पीळ पडतात, ही दुसरी. ती दुमडून तिला ठरावीक घडण येते, ही तिसरी. अशा चार माळा एकत्र येतात, ही चौथी. सुटी माळ प्राणवायू घट्ट धरून बसते; चौघी मिळूनच तो वेळेवर सोडतात.

यांतील बीटा माळेत १४६ मणी असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की आजार होतो, हे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५७ साली दाखविले. एवढ्याने माळेची घडण फारशी बिघडत नाही. परंतु प्राणवायू सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या होतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात.

सिकलसेल ॲनिमिया होण्यासाठी हा बदल आई आणि वडील दोघांकडूनही यावा लागतो. तेव्हा एकट्या सुनेला बोल लावणे हे निर्दयपणाचे तर आहेच, शिवाय ते खोटेही आहे. ज्याला तो एकाकडूनच मिळाला, तो वाहक. तो सहसा निरोगी असतो, आणि तीव्र हिवतापापासून त्याला बरेच संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या मुलखात हा बदल पिढ्यान्पिढ्या टिकला. ज्याने काही पूर्वजांना वाचविले, त्याला निव्वळ दोष कसे म्हणावे? जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला होता. पाप ना त्याचे, ना त्याच्या आईबापांचे, असे प्रभूने सांगितले.

मात्र दोष नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे होत नाही. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. वाहक असणे ही ख्रिस्तसभेच्या कायद्यात विवाहाला आडकाठी नाही, आणि नसावीही. पण वधूवरांना हे आधी ठाऊक असणे हा त्यांचा हक्क आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी होते. ती साखरपुड्याआधी व्हावी आणि निर्णय त्या दोघांनी घ्यावा. मुलीचा कागद बैठकीत हातोहात फिरविणे मला अत्यंत गैर वाटते. त्याच बैठकीत मुलाचा कागद मात्र कुणी मागत नाही.